कोऱ्या गुंडाचं नाव

नागपुरातला महाल भाग मागे पडला तरी सिंधूताई थांबायला तयार नव्हत्या. पाणी भरायचा पितळेचा नवा गुंड कडेवर घेऊन त्या पुढे, मेघा मागे.

इतवारीत भांड्यांवर नावं कोरण्यात त्यांची हयात गेली. नवरा वारला तेव्हा त्याचंच यंत्र घेऊन दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि उठवायला आलेल्या सगळ्यांना पुरून उरल्या. आज मात्र सख्ख्या नातीच्या आंदणाच्या गुंडावर नाव कोरायला त्यांनी साफ नकार दिला होता. नात उन्नती. सासरचा निरोप होता, गुंडावर नवं नाव घाला, भूमिका. निरोप आणणारी मेघा नवरदेवाची काकू.

"आपल्यात नाव बदलावंच लागते, ताई," मेघा म्हणाली.

सिंधूताई थांबल्या. "लागते म्हंजे कसं लागते? गुंडाले बूड लागते, नाही तर तो गुंडच नाही. पितळेले चिंच लावली का ते उजळते, ते तुले-मले विचारत नाही. आन् भांड्यावर नाव लागते, ते आपणच ठरवलेलं. तुमचं लागते यातल्या कोणत्या ढिगात टाकू?"

"रीत आहे."

"मंग शेवटच्या. आन् लागतेच, तं पोराले काहून नाही लागत? विस्तव काय पोरीलेच भाजते?"

मेघाला हसू आलं, पण तिनं सोडलं नाही. "उन्नती तरी तुमीच ठेवलं ना? दुसरं ठेवलं असतं तं पोरगी बदलली असती का?"

"नसती. माह्या लेकीच्या पोटची आहे, ते नाही बदलत. नाव बदलते. म्हणूनच जिचं आहे तिले विचारा. ती 'नाही' म्हणून राहिली."

"देवाची हजार नावं आहेत. रोज घेतो मी. देव तोच राहते."

"ती वाढवली वं. जुनं कोणतं पुसलं?"

 मेघाचंही माहेरचं नाव लग्नात गेलं होतं. आई होती तोवर त्या नावानं हाक यायची.

"लग्न मोडलं तं?" तिनं विचारलं.

"उन्नती म्हणते, मोडू द्या. मीही तेच म्हणतो."

सक्करदऱ्याच्या तलावाशी सिंधूताईंनी गुंड खाली ठेवला. "मांडवात नाव लिहाले तांदळाचं ताट कोण आणन?"

"मीच. नवरदेव अंगठीनं लिहिते त्यात."

"मंग माह्यं एक ऐक, मेघा. ते तांदूळ ताटात नको पसरू. चुलीवर आंधण ठेव, आन् भात टाक त्याचा."