धाकट्याने दारू सोडली तेव्हा

श्रावण लागला की आमच्या घरातले पुरुष दारू बंद करतात आणि गणपती गेले की पुन्हा धरतात. रत्नागिरीची ही रीत मीरा रोडला राहायला येऊनही सुटलेली नाही. गेल्या वर्षी धाकट्या भावाने बंद केली ती कायमचीच. नवस नाही, शपथ नाही. ग्रामदेवतेसमोर शपथ घेऊन मोडणारा मी, त्याचा थोरला भाऊ.

बायको भाजी चिरता चिरता म्हणायची, "भावजींच्या मनात जोर आहे हो." मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र त्याच्या तरतरीत चेहऱ्याकडे बघत वाट पाहायचो, हा कधी घसरतोय.

त्याच सुमारास मी मेंदूविषयी वाचायला लागलो. 'मी ठरवलं' असं आपल्याला वाटतं, त्याआधीच मेंदूत त्या हालचालीची तयारी सुरू झालेली असते, असं काही प्रयोगांत दिसलं होतं. त्याचा अर्थ काय, यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नव्हतं. तेवढा भाग मी सोडून दिला.

यंदा विसर्जनानंतरच्या रविवारी तो उत्तनहून ताजे बोंबील घेऊन जेवायला आला. माझ्या हातात ग्लास, त्याच्या हातात कोकम सरबत. मी म्हणालो, "तू सोडली नाहीस रे. तुझ्या मेंदूची घडणच तशी, म्हणून सुटली. त्यात कौतुक कसलं?"

"म्हणजे वहिनी वर्षभर उगाच मला डोक्यावर घेतायत!" तो हसला. मग हसू विरलं. "दादा, रोज वाइन शॉपवरून जाताना मी स्वतःला सांगतोय, आज नको. ते सांगणारा मी नाहीच? मग उद्या पाय तिकडे वळले तर अडवणार कोण?"

त्याची नजर बाटलीवर गेली. ज्याची मी वाट पाहत होतो, ते हातभर अंतरावर आलं होतं. मी घाबरलो.

"मी अर्धवट सांगितलं," मी घाईने म्हणालो. "हे काही सिद्ध झालेलं नाही. आणि आज नको म्हणणारा मेंदूही तुझाच ना? मी जळतोय तुझ्यावर, म्हणून बोललो."

"माझ्यावर? वेडा आहेस का दादा?"

"तू थांबलास. मला जमत नाही."

त्याने सरबत संपवून ग्लास माझ्या बायकोपुढे धरला. "वहिनी, अजून आहे?"

मी माझाही भरला, बाटलीतून. मला थांबता आलं असतं का, ते मला माहीत नाही. तो थांबला, हे मात्र डोळ्यांदेखत पाहिलं, आणि ते अजून सलतंय.