पूर्वजांच्या वाट्याची गोळी

औषधाच्या खिडकीतून मला माणसांचे फक्त हात दिसतात. चिठ्ठी आत येते, गोळ्या बाहेर जातात, की माझा आणि त्या माणसाचा संबंध संपला. मी तापीकाठच्या प्रकाशा गावचा. नोकरी म्हसावदच्याही पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी, सरकारी दवाखान्यात फार्मासिस्टची. बायको लेकीच्या शिक्षणापायी नाशिकला राहते. संध्याकाळी खोलीवर टीव्ही लावतो तो बघायला नाही, कुणीतरी बोलत राहावं म्हणून. फोनवर बायकोला ‘मस्त चाललंय’ म्हणतो. मस्त कसलं डोंबल!

त्यामुळं डॉक्टर मॅडमनी कॅन्सरच्या रुग्णांच्या घरी जायचं ठरवलं आणि ‘तुम्हीही चला’ म्हणाल्या, तेव्हा मी लगेच तयार झालो. मॅडम, सिस्टर आणि मी. मॉर्फिन कुलपात ठेवणं, मोजून देणं, उरलेलं परत घेणं, आणि ते कसं घ्यायचं हे घरच्यांना समजावणं माझ्याकडं. सिस्टर डोंगरातल्याच, पावरी बोलणाऱ्या. माझी अहिराणी तिथं वर फारशी चालत नाही.

एका पाड्यावर घशाच्या कॅन्सरचा म्हातारा होता. मुलगा-सून ऊसतोडीला गुजरातेत. घरात तो आणि म्हातारी. दुखणं असं, की तो म्हातारीला जवळ बसू देत नसे. आपलं कण्हणं तिनं ऐकू नये म्हणून तिला शेजाऱ्यांकडं झोपायला पाठवायचा. तीही जायची आणि तिथं रात्रभर जागी राहायची. हे सिस्टरनी सांगितलं. त्याला मॉर्फिनची गोळी गिळवत नव्हती, म्हणून ती वाटीत चुरून दोन चमचे पाण्यातून द्यायची, असं मी म्हातारीला नीट करून दाखवलं होतं. तरी उतार पडेना. मॅडम म्हणाल्या, ‘डोस वाढवू या. पण आधी एकदा बघून येऊ.’

आम्ही गेलो ती त्याच्या गोळीचीच वेळ होती. म्हातारीनं गोळी चुरली, पाणी घातलं, ढवळलं. सगळं मी शिकवलं तसंच. म्हाताऱ्यानं वाटी हातात घेतली, डोळे मिटले, ओठ हलवले आणि वाटी तिरपी करून चांगली धार जमिनीवर सोडली. मग उरलेलं प्यायला.

‘काका, हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही?’ मी ओरडलोच.

सिस्टरनी कपाळावर हात मारला. मोहाची दारू पिताना पहिली धार पूर्वजांची असते, हे त्यांच्या घरातही चालतं. वाटीतून झोप येणारं काही प्यायचं, तर म्हाताऱ्याच्या हिशेबी ते पूर्वजांना आधी द्यायलाच हवं. निम्मं औषध जमीन पीत होती. आम्ही डोस वाढवला असता आणि एखाद्या दिवशी तो धार सोडायला विसरला असता, तर? वाढवलेला सगळा डोस एकदम त्याच्या पोटात गेला असता.

पूर्वजांना साधं पाणी द्या, असं सिस्टरनी सुचवलं. म्हातारा रुसला. आपण औषध प्यायचं आणि त्यांना पाणी? तेवढ्यात म्हातारी फणकाऱ्यानं काहीतरी बोलली. सिस्टर हसत सुटल्या. ‘ती म्हणते, त्यांचं कुठं काय दुखतंय? त्यांना दारूच दे!’ म्हाताराही गळा धरून हसला. तसंच ठरलं. दारू फक्त धारेपुरती, स्वतः थेंबही घ्यायचा नाही, हे मी बजावून बजावून सांगितलं. डोस होता तोच ठेवला. पुढच्या खेपेला गेलो तर म्हातारी त्याच्या खाटेला टेकून बसलेली. आता ती घरातच झोपत होती. त्या दिवशी खोलीवर परतल्यावर मी टीव्ही लावला नाही.

महिना झाला नसेल, म्हातारी एकटीच दवाखान्यात आली आणि उरलेली पट्टी तिनं माझ्यापुढं ठेवली. मॉर्फिन परत आलं की काही विचारावं लागत नाही. मी बाहेर येऊन तिला बाकावर बसवलं, सिस्टरना बोलावलं. ती बराच वेळ बोलत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं.

सिस्टर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, ‘तो झोपेत गेला. ही शेजारीच होती. पण कितीतरी दिवसांनी हिलाही गाढ झोप लागली होती. उठली तर अंग गार. म्हणते, दुखत असतं तर त्यानं मला हाक मारली असती.’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आजार तिथवर पोचलाच होता, आपण बरोबरच केलं, असं मॅडम नंतर म्हणाल्या. बरोबरच केलं होतं. पण त्या दिवशी ती बाकावरून माझ्याकडं बघत राहिली, आणि मी खिडकीमागं परत न जाता तिच्या शेजारी बसलो.