बुडबुडे न आलेली गळती

देवदत्त शेणोलीकर हा माणूस गळत्यांवर जगतो. कराडला त्याच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. घमेल्यात ट्यूब बुडवायची, बुडबुडा दिसला की तिथे बोट ठेवायचं, हे शिक्षण त्याला पहिलीच्या आधी मिळालं. पुढे इंजिनिअर झाला, आयर्लंडला आला, नावनजवळच्या औषध कारखान्यात लागला आणि इंजेक्शनच्या कुप्या पाण्यात बुडवून, वरची हवा ओढून, कुठून बुडबुडा निघतोय ते बघू लागला. घमेलं तेवढं काचेचं झालं, पाणी स्वच्छ झालं.

एवढ्यावर थांबला असता तर गोष्ट वेगळी. पण कुणाकडे जेवायला गेला तरी हा आधी कुकरच्या रिंगेकडे बघतो आणि मग यजमानांकडे. "तुमची वाफ डावीकडून जातेय," हे त्याचं नमस्कारानंतरचं पहिलं वाक्य. त्यामुळे दुसऱ्यांदा जेवायला फार जण बोलावत नाहीत.

अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीत रविवारी इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

गाडीला जोडायचं छोटं यंत्र त्याच्याकडे होतंच. ते म्हणालं, इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. गाडी उभी असली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची आणि वेग घेतला की शहाण्यासारखी चालायची. म्हणजे कुठून तरी चोरून हवा आत शिरत होती. देवदत्तने बाह्या सरसावल्या, साबणाचं पाणी केलं आणि इंजिनाच्या प्रत्येक नळीवर शिंपडून तासभर डोळे ताणून बसला. एक बुडबुडा नाही.

"गळती नाही," त्याने जाहीर केलं. मग कारखान्यात लिहितात तसा अहवाल लिहून फ्रिजवर चिकटवला. त्यातली शेवटची ओळ: 'मूळ कारण: चालक. अर्ध्या क्लचवर गाडी चालवणे.'

चालक म्हणजे त्याची बायको स्वप्नाली. ती नावनच्या हॉस्पिटलात छातीची डॉक्टर. जुलैपासून तिची बदली मलिंगारला होणार होती आणि पहाटेच्या पाळीला वेळेत पोचवणारी बस नव्हती. लायसन्स नसेल तर ती जागा सोडावी लागणार. ड्रायव्हिंग टेस्ट एकदा हुकलेली. दुसरी, पाच महिने थांबून मिळालेली, मंगळवारी दुपारी पावणेएकला होती. आणि नियम असा की डॅशबोर्डवर एक जरी धोक्याचा दिवा लागलेला असेल तर गाडी दारातूनच परत.

अहवाल वाचून स्वप्नाली काही बोलली नाही. दोन दिवस बोललीच नाही. देवदत्तला वाटलं, पटलंय तिला.

सोमवारी त्याने यंत्राने दिवा पुसला. मंगळवारी सव्वादहाला, सरावाची फेरी संपवून गाडी दारात येते न येते तोच दिवा पुन्हा लागला. परतताना स्टिअरिंगवर देवदत्त स्वतः होता.

"कुणाचा पाय होता क्लचवर?" स्वप्नालीने विचारलं. दोन दिवसांनंतरचं हे पहिलं वाक्य.

त्याने कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या शेमसला फोन लावला. शेमस म्हणाला, गुरुवारी आण, नळ्यांत धूर सोडून बघतो, ग्रँड होईल सगळं. गुरुवार! टेस्ट तर आज होती. देवदत्त पुन्हा साबणाचं पाणी कालवायला धावला.

"अरे, बुडबुडे बाहेर येतील कसे?" स्वप्नाली म्हणाली. "ती हवा आत ओढतेय ना?"

देवदत्त हातात बादली घेऊन तसाच उभा राहिला. ट्यूबमधली हवा बाहेर येते. कुपीतली हवा बाहेर येते. चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याने हवा बाहेरच येताना पाहिली होती. आत ओढणाऱ्या नळीवर तो बुडबुडे शोधत बसला होता! हे कारखान्यात कळलं असतं तर लोकांनी त्यालाच पाण्यात बुडवून तपासलं असतं.

तोवर स्वप्नालीने कपाटातून स्टेथोस्कोप काढला, पुढची तबकडी काढून टाकली आणि चालू इंजिनावर उघडं टोक फिरवू लागली.

"खोल श्वास घे," ती इंजिनाला म्हणाली. मग थबकली. "शीळ आहे इथे. उजव्या बाजूला, खालच्या अंगाला."

तिने बोट दाबलं. इंजिनाची थरथर थांबली. बोट काढलं, पुन्हा हुडहुडी.

देवदत्तने गाडी बंद करून आत टॉर्च मारला. एका बारीक रबरी नळीत तांब्याची तार रुतली होती आणि रोजच्या हादऱ्यांनी तिने नळी चिरली होती. तारेला काहीतरी काळं लोंबत होतं. त्याने ओढून काढलं.

खजुरासारखं वाळलेलं एक लिंबू आणि सात मिरच्या.

"हे कुणी बांधलं?" तो ओरडला आणि त्याच क्षणी त्याची नजर तारेवर गेली. पकडीने दिलेले तीन पीळ. शेवटचा उलटा. वडिलांच्या दुकानाचा पीळ.

चौदा महिन्यांपूर्वी ही जुनी गाडी घेतली तेव्हा आई कराडहून व्हिडिओवर होती. "फुडं बांध की रं, दिसंल असं!" गोऱ्या शेजाऱ्यांपुढे लाज वाटली म्हणून यानेच ते बॉनेटच्या आत बांधलं होतं. पडू नये म्हणून तारेने. घट्ट.

त्याला खाली पायरीवर बसावं लागलं.

"बसतोस काय! साडेअकरा वाजले," स्वप्नाली म्हणाली.

चीर नळीच्या टोकाजवळ होती, एवढंच नशीब. त्याने तेवढं टोक कापलं, नळी परत बसवली, दिवा पुसला. इंजिन मांजरीसारखं घुरघुरू लागलं.

टेस्ट सेंटरच्या खिडकीतून त्याने पाहिलं, तर परीक्षकाने निघण्याआधी स्वप्नालीला बॉनेटच उघडायला लावलं. ऑइल कुठे बघतात, दाखवा. देवदत्तने काचेला नाक लावलं. आणखी एखादी मिरची राहिली असेल तर?

तासाभराने ती हातात कागद नाचवत आली. "पास! परीक्षक म्हणाला, इंजिन छान ठेवलंय."

घरी येताच देवदत्तने, चपला न काढता, फ्रिजवरच्या अहवालातला 'चालक' खोडला आणि वर लिहिलं, 'नवरा'.

"तारीख घाल. आणि क्लचची ओळपण खोड," स्वप्नाली कोट काढत म्हणाली. कोट झटकला तशी खिशातून एक काळी मिरची फरशीवर पडली. मागोमाग लिंबू.

"स्वप्नाली! हे टेस्टला... तू? डॉक्टर तू?"

"पुरावा होता. फेकायचा नसतो," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. तिने लिंबू उचललं, पुसलं आणि कोटाच्या खिशात परत ठेवलं.

देवदत्तने तोंड उघडलं, पण बुडबुडासुद्धा निघाला नाही.