दोन चॅम्पियन, एक एसटी

मंडळी, आज एसटीने अमळनेरला निघालो, तर शेजारच्या सीटवर धुळ्याचा सुभाष! मोटोक्रॉसच्या मातीत वर्षानुवर्षं मला धूळ चारणारा माझा कट्टर वैरी.

"कप माझेच जास्त," बसल्या बसल्या त्याने सुरू केलं.

"पायात रॉड माझे जास्त," मी म्हटलं.

धरणगाव गेलं, तरी मोठा रेसर कोण ते ठरेना.

अमळनेर आलं. उठायला गेलो, तर दोघांचेही गुडघे सीटमध्येच अडकलेले. कंडक्टर ताई ओरडली, "आबा, उतरनं शे का नही?"

शेवटी एकमेकांचा हात धरून उभे राहिलो. आता तो गावभर सांगतोय, "हात आधी त्यानेच पुढे केला."

साफ खोटं! हात त्यानेच पुढे केला. मी फक्त स्टँडबाहेर येईपर्यंत सोडला नाही.