पायाची नाडी

वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. ते पिंपळीजवळच्या कालव्यावर पाटकरी होते. पाळीप्रमाणे दारं उघडायची, लावायची आणि आपल्या हद्दीतला कालवा रोज पायी तपासायचा, हे त्यांचं काम. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाच्या आधी एवढं लिहून काढावं असं वाटतं, की त्यांचा पाय कसा गेला आणि त्यात माझं काय चुकलं.

मी तेव्हा इंदापूरच्या दवाखान्यात कारकून होतो. लासुर्ण्याच्या बाजूला साखरेचा नवा कारखाना उभा राहत होता, आणि त्या कामावरची माणसंही आमच्याकडे यायची. सुट्टीला मी सर्व्हिस मोटारीने घरी जाई आणि तात्यांबरोबर कालव्यावरून फिरून येई. एकदा ते चालता चालता मध्येच थांबले आणि पाण्याकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळाने पुन्हा चालू लागले, पुढे पुन्हा थांबले. पलीकडून एक माळवंवाला ओरडला, "तात्या, मासं मोजताय का काय?"

"तुज्या रानात किती गेलं ते मोजतोय!" तात्या म्हणाले.

आम्ही हसलो. पण पुढच्या खेपेस ते आणखी लवकर थांबले, त्याच्या पुढच्या खेपेस त्याहून लवकर. बघण्यासारखं पाण्यात काही नव्हतं. त्यांचा एक हात हळूच उजव्या पोटरीवर जात होता.

मी त्यांना इंदापूरला नेलं. डॉक्टरसाहेब त्या दिवशी देवी टोचण्याच्या कामाला बाहेरगावी गेले होते. दवाखान्यात रोगांची छापील यादी होती. प्रत्येक रोगाला एक आकडा. रजिस्टरात रोग्याच्या नावापुढे तो आकडा टाकायचा आणि वर्षअखेर आकडेवार बेरीज वर पाठवायची, अशी रीत होती. डॉक्टर नसले की कंपाउंडर तक्रार विचारी आणि आकडा मी टाकी. म्हाताऱ्या माणसाचा पाय दुखतो म्हणजे संधिवात, हे आमचं ठरलेलं. सांधा सुजला आहे की नाही, हेसुद्धा आम्ही बघत नसू. तात्यांच्या नावापुढे मी संधिवाताचा आकडा टाकला. कंपाउंडरने चोळायला तेल दिलं.

"चढलो म्हणायचं सरकारी वहीत," तात्या म्हणाले आणि बाहेर येऊन त्यांनी विडी शिलगावली.

घरी येऊन मी आईला सांगितलं, "वात हाय." शिकलेल्या मुलाने दवाखान्याच्या वहीत बघून सांगितलेली गोष्ट, तिने ती खरी धरली. वातावर आमच्याकडे जे करतात ते तिने केलं. आधी विटेचा शेक दिला. पाऊल तरीही गारच, म्हणून दिव्यावर बिब्बा तापवून टाचेला लावला. मी शेजारीच बसलो होतो.

"पोळलं का?" आईने विचारलं.

"काईच कळंना."

"मग आत मुरलाय वात. आनि एक लावते."

बिब्बा लागताच माणूस ओरडतो, पाय ओढून घेतो. तात्या शांत बसून होते. मला काही तरी खटकलं, पण मी तोंड उघडलं नाही. वहीतल्या आकड्यावर माझा विश्वास होता, आणि तो मीच लिहिला होता हे मी विसरलो होतो.

टाचेला फोड आला, फुटला, आणि भरायचं नाव घेईना. त्याच्या कडा काळ्या पडू लागल्या तेव्हा मी त्यांना पुन्हा इंदापूरला आणलं. या वेळी डॉक्टरसाहेब होते. त्यांनी जखमेकडे नुसती नजर टाकली आणि पावलाच्या वरच्या अंगाला दोन बोटं टेकवली. मग घोट्याच्या आतल्या बाजूला. मग दुसऱ्या पायाला, आणि फिरून पहिल्याला. पायालाही नाडी असते हे मला त्या दिवशी समजलं.

"चालताना पोटरी धरते का, तात्या?"

"धरती. उबा ऱ्हायलो की सुटती."

"आधी किती चालत होता?"

"पुलापातुर. आता घरापसनं पिंपळापातुर."

डॉक्टरांनी रजिस्टर मागवलं, मागची नोंद काढली आणि माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "सांध्यांत काही नाही. पायाकडे जाणारी रक्ताची नळी आतून अरुंद होत गेली आहे. विडीने भर घातली. अशा पायाला शेक म्हणजे विष."

तात्यांना ते माझ्याआधी कळलं. "म्हंजे टोकाच्या रानाला पानी पोचंना," ते म्हणाले.

"तसंच."

"मग वर गाळ काडा की."

"तो काढता येत नाही, तात्या."

मी विचारलं, यादीत याला आकडा आहे का. डॉक्टरांनी यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं: धमन्यांचे रोग. ती ओळ मला पाठ होती. दर वर्षीच्या तक्त्यात मी तिच्यापुढे शून्य लिहीत आलो होतो. तालुक्यात तो रोग नव्हता असं नाही. कोणाच्या पावलाला आम्ही बोटं लावली नव्हती.

बारामतीहून छोट्या रुळांच्या आगगाडीने दौंड आणि तिथून पुणे. तिथल्या मोठ्या दवाखान्यात त्यांचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला. त्या दिवसांत आईने मला एकदाच विचारलं, "बिब्ब्यानं झालं का रं?" मी म्हणालो, "न्हाय. मी वात म्हनलो म्हनून झालं."

मी बदली मागून बारामतीच्या दवाखान्यात आलो आणि घरूनच सायकलने जाऊ-येऊ लागलो. रोज सकाळी सायकल काढण्याआधी तात्यांच्या उरलेल्या पावलावर दोन बोटं ठेवायची, हा नेम झाला. डॉक्टरांनी जागा दाखवून दिली होती. खाली कुठे तरी बारीक टकटक लागे, आणि तेवढ्यावर माझा दिवस निघे.

"हाय का?" तात्या विचारत.

"हाय."

काही दिवस ती सापडायला वेळ लागे. बोटं जास्त दाबली की माझीच नाडी मला लागे, म्हणून मी श्वास धरून हलकी ठेवी. तात्या आढ्याकडे बघत पडून राहत. विडी त्यांनी सोडली होती, पण तोंडाला चाळा म्हणून बडीशेप चघळत. मी पाय धरला की चघळणंही थांबे.

एका सकाळी ती मिळाली नाही. मी पावलाच्या वरच्या अंगाला चाचपलं, घोट्यामागे चाचपलं, परत पावलावर चाचपलं. पाऊल ओल्या मातीसारखं गार होतं.

"हाय का?"

"हाय."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "सायकल काड," ते म्हणाले. "उशीर व्हतोय तुला." आणि गोधडी ओढून त्यांनी पाऊल झाकून घेतलं.