मरोद्याच्या रस्त्यावर मारलेली हाक

शोभे, मोबाइल कानाशी धर अन् आधी दोन शब्द ऐकून घे. तीन वर्षं झाली, आर्वीहून भिलाईले यायले तुले वेळ नाही. रोज मोबाइलवर फुलांचे फोटो पाठवते. त्यात बहीण भेटत नाही बाई.

मी लग्न होऊन निघाली तो दिवस आठवते? एसटी सुटली अन् माझी चपलांची पिशवी तुझ्या हातात राहिली. सात वर्षांची तू, हाक मारायले तोंड उघडलं, तर आईनं तोंडावर हात ठेवला. खिडकीतून मले दिसलं. "निघालेल्या माणसाले मागून हाक मारू नये," ती नेहमी म्हणे. आठ दिवस मी तुझ्या भाऊजींच्या मोठ्या चपला ओढत क्वार्टरभर फिरली.

तेव्हा पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांनी लाल झालेलं आभाळ पाहून वाटे, गावाले आग लागली. आता सुट्टीत आर्वीले आली की काळ्या आभाळाखाली झोप येत नाही. अन् स्वप्नंही हिंदीत पडतात.

तुझे भाऊजी पहाटे सव्वापाचले सायकलनं फर्स्ट शिफ्टले निघायचे. सायकलचं पायडल चेन-कव्हरले लागे. टक्, टक्, टक्. वळणापर्यंत मी फाटकाशी ऐकत उभी राहायची. त्या दिवशी डबा ओट्यावरच राहिला. मी डबा घेऊन धावली. ते वळणावर होते, हाकेच्या अंतरावर. हाक गळ्याशी आली, अन् आईचा हात आठवून मी ती गिळली. पुढं रस्त्यातच छातीत दुखून ते पडले. घरी असते तर कदाचित वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. डब्याचं मी आजवर कोणाले सांगितलं नव्हतं, शोभे.

मग माझी साखर वाढली, म्हणून चालायले लागली. शेजारच्या साहू मॅडम, शाळेतल्या रिटायर पीटी टीचर, त्यांनी चालतीची धावती केली अन् त्रेसष्टाव्या वर्षी मॅरेथॉनमध्ये माझं नाव टाकलं. धावताना मी बोलत सुटली की म्हणत, "दीदी, बयालीस किलोमीटर मुँह से नहीं, पैर से होता है." चणे, केळं, मीठ-साखरेचं पाणी, दर रविवारी लांब पल्ला.

चौथ्या महिन्यात, मरोद्याच्या रस्त्यावर, धुक्यात मागून आवाज आला. टक्. वाटलं दूधवाला असेल. मी हळू झाली, तो हळू झाला. मी सांगितलं तर मॅडम मागं वळून म्हणाल्या, कोणी नाही, थकवा आहे. मी वळली नाही. ती सायकल तर मी कधीचीच खुर्सीपारच्या एकाले देऊन टाकली होती. पुढं दर रविवारी तो आवाज येत गेला. खरं सांगू, भ्याली नाही. पाय हलके होत.

शर्यतीच्या दिवशी छत्तिसाव्या किलोमीटरले पायाच्या पिंडरीत गोळा आला. मी रस्त्यावरच बसली. टक्, टक् करत ते जवळ आलं, बाजूनं गेलं, अन् पहिल्यांदा पुढं निघालं. लख्ख ऊन, समोर रस्ता रिकामा, अन् आवाज दूर जाऊन राहिला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, थांबा. डबा राहिला."

आवाज थांबला. पाणी देणारी पोरगी माझ्याकडं पाहतच राहिली. उरलेलं अंतर मी लंगडत गेली. पोचली तेव्हा शर्यत संपायची कमान उतरवून राहिले होते.

आता पायाची दोन नखं काळी पडली. पायऱ्या बसून उतरते. तीन आठवडे धावणं बंद, असं मॅडमनं बजावलं. पण दुसऱ्याच दिवशी सव्वापाचले वळणावरून टक् टक् आलं अन् आपल्या फाटकाशी थांबलं. स्टँड लावल्याचं खट् झालं. मग काही नाही. रोज तसंच. कडी कोणी वाजवत नाही. मी पोळी-भाजीचा डबा भरून ओट्यावर ठेवते, भिंत धरून दारापर्यंत जाते, पण फाटक उघडायले हात धजत नाही. निघालेल्या माणसाले मी मागून हाक मारली ना. आला तो कोण म्हणून आला, मले काय ठाऊक.

घर म्हणजे आर्वी, असं मी कितीक वर्षं म्हणत आली. आता घर म्हणजे ते फाटक आहे, अन् मी त्याच्या आत अडकून बसली आहे.

तू ये लवकर. सव्वापाचले फाटकाशी पोचशील अशा पहाटेच्या गाडीनं ये. तुझ्या हातानं कडी काढ, आत ये, अन् फाटक लावायची घाई करू नको. मागून कोणी येत असेल तर येऊ दे. फक्त मागं पाहू नको.