यंदाचा फारो

होंडुरासच्या डोंगरातल्या त्या वाडीत पाद्री वर्षातून दोनदाच फिरकायचा. एरवी रविवारी बायबल वाचायचं काम कासिल्दाचं. वाचून झालं की ती ठरलेला प्रश्न टाकायची, "बोला, आपल्यातला हा कोण?" गोष्ट मिसरातून सुटलेल्या गुलामांची असली, की त्यांना राबवणारा राजा, फारो, कोण ते शेंबडी पोरंही सांगत. कॉफी मातीमोल भावात उचलणारा एवारिस्तो दलाल! त्याच्या कचाट्यातून सुटायलाच तर वाडीनं मिळून कॉफी विकायची सोसायटी काढली होती.

यंदा बाजार उलटा फिरला. कुठेतरी दूर कॉफी गारठ्यानं करपली आणि एवारिस्तो सोसायटीपेक्षा चढा भाव द्यायला लागला, तोही रोख. सोसायटीचे पैसे दोन महिन्यांनी मिळणार, आणि कासिल्दाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी.

"चार पोती आहेत ना, ताई?" एवारिस्तो दारातूनच म्हणाला.

"लाज नाही वाटत तुला?"

"जास्त भाव देण्याची? हे पहिल्यांदाच ऐकतोय."

आतून आईनं विचारलं, "कोण आलंय गं?"

"फारो."

"मग बसायला दे की. उन्हातून आला असेल."

कासिल्दानं त्याला बसायला दिलं. पाणी दिलं. मग पोतीही दिली.

दुसऱ्या दिवशी ती बायबल घेऊन सोसायटीचा अध्यक्ष तिबुर्सिओ याच्याकडे गेली. "घ्या हे. वाचायचं तोंड राहिलं नाही मला. चार पोती दिली त्याला."

तिबुर्सिओनं हात पुढे केला नाही. "मी सहा दिली."

"अहो, अध्यक्ष ना तुम्ही?"

"म्हणून तर मागच्या दारानं दिली."

"मग सोसायटीत उरलं काय?"

"तराजू."

तिला हसू आलं, मग हसल्याचाच राग आला. "पण इतकी वर्षं आपण त्याला भाव पाडतो म्हणून पापी म्हणत होतो. आता तो भाव चढवतोय. मग पाप कुठं गेलं, तिबुर्सिओभाऊ? आणि पुढच्या साली सोसायटी बुडाली, की तो परत पाडणारच ना?"

"मला काय विचारतेस? वाचतेस तू."

गुरुवारी ऑपरेशन झालं. पट्टी बांधलेली आई खाटेवर चाचपडत म्हणाली, "देवानं केलं गं. सोसायटीनं वेळेवर दिले ना पैसे?"

"हलू नकोस, आई," कासिल्दा म्हणाली. "डोळ्यावर ताण येईल."